जेवणाआधी की जेवणानंतर

माणूस कसा नेमून घ्यायचा, हे मला कुणी शिकवू नये. अठ्ठावीस वर्षं मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींच्या खिडकीमागे काढली आहेत. नळ गळतोय म्हणून एक तक्रार आली, की साहेब ती टाचणीला टोचून ठेवत. तीन आल्या, की ‘बघू’ म्हणत. पण एकाच आठवड्यात सात वेगवेगळ्या अक्षरांतल्या सात तक्रारी आल्या, की फिटर निमूटपणे सायकल काढायचा. त्या तक्रारी खऱ्या आहेत, की एकाच घरातल्या सात जणांनी मांडी घालून लिहिल्यात, हे कुणी तपासत नसे. अक्षर वेगळं दिसलं पाहिजे, बस्स! हा नियम कुठल्या पुस्तकात सापडणार नाही, पण सगळं जग त्याच्यावरच चालतं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

अशा जाणत्या माणसाची लेक पदवी घेऊन आठ महिने घरी बसावी, हे काही मला शोभणारं नव्हतं.

लेक फार्मसी शिकली. निकाल लागला त्या दिवशी मी जुन्या सोबत्यांना फोन करकरून सांगितलं होतं, की महिन्याभरात नोकरी धरून चाला. माणसं आजारी पडायची थोडीच थांबणार आहेत? तर माणसं आजारी पडायची थांबली नाहीत, पण नोकरीही आली नाही. सरकारी दवाखान्यात एक जागा निघाली, तिला चारशे अर्ज. औषधांच्या कारखान्यात गेली, तर अनुभव पाहिजे म्हणाले. अनुभव कुठे मिळतो असं विचारलं, तर म्हणाले, नोकरीत. एका कंपनीला डॉक्टरांकडे फिरून औषधं खपवायला माणसं हवी होती. तिथे तिला औषधांबद्दल एक अक्षर विचारलं नाही. नुसतं हसून दाखवा म्हणाले. माझ्या लेकीचं हसू तिच्या आईवर गेलंय, ते जरा उशिरा येतं. त्यांना तेवढा वेळ नसावा.

तिचा पांढरा कोट दारामागच्या खुंटीला टांगलेला असे. दर रविवारी ती तो धुवायची, इस्त्री करायची आणि परत तिथेच टांगायची. न घातलेला कोट मळतो कसा, हे मी कधी विचारलं नाही. विचारणं हा माझा स्वभावच नाही.

घरात आम्ही दोघंच. तिची आई ती बारावीत असताना गेली. डॉक्टर म्हणाले, पोटातला अल्सर फुटला, असं होतं कधी कधी. मी मान हलवली आणि सह्या केल्या.

शेवटी एका बुधवारी मी स्वतःच चौकातल्या औषधांच्या दुकानात गेलो. मालक ओळखीचे. त्यांच्याकडे दोन चष्मे असतात, एक नाकावर आणि एक कपाळावर, आणि वाचताना ते नेमका चुकीचा वापरतात. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर फार्मासिस्टचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं आहे. ते त्यांच्या पुतण्याचं. पुतण्या दुसऱ्या गावात चपलांचं दुकान चालवतो.

“शिकलेली मुलगी ठेवून मी करू काय?” मालक म्हणाले. “गिऱ्हाईक येतं, चिठ्ठी देतं, नाहीतर रिकामं पाकीट दाखवतं. मी काढून देतो, ते जातं. कोण काय विचारतंय इथे? तुम्हीच सांगा, इतकी वर्षं माझ्याकडे येताय, एकदा तरी काही विचारलंत?”

मी ताठ मानेने नाही म्हणालो. आणि ते खरंच होतं. औषधांच्या काउंटरवर मी अर्ध्या मिनिटाहून जास्त कधी उभा राहिलेलो नाही. रिकामं पाकीट पुढे करायचं, ‘हेच’ म्हणायचं आणि सुटायचं. मागच्या माणसाला ताटकळत ठेवणारी गिऱ्हाईकं माझ्या डोक्यात जातात.

“मग झालं तर,” मालक म्हणाले. “ज्या दिवशी लोक प्रश्न विचारायला लागतील, त्या दिवशी तुमच्या मुलीला बोलावतो. शब्द देतो.”

मी घरी आलो, तर खुंटी रिकामी. कोट घडी घालून कपाटात गेला होता.

“बाबा, मोबाइलच्या दुकानात जागा आहे,” लेक म्हणाली. “सोमवारपासून या म्हणतात. शनिवारपर्यंत कळवायचंय.”

“मोबाइलमधलं तुला काय कळतं?”

“तेही हेच म्हणाले. पण त्याने काही अडत नाही, असंही म्हणाले.”

हे ती अगदी शांतपणे म्हणाली. रडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. एकदा का ती त्या दुकानात उभी राहिली, की चार वर्षांचं शिक्षण कपाटातल्या घडीतच राहणार, हे मला दिसत होतं आणि तिलाही दिसत होतं. माझ्या हातात तीन दिवस होते. मालकांना प्रश्न हवे होते. मी कोण? तक्रारीच्या खिडकीवरचा माणूस!

त्याच संध्याकाळी मी सात माणसं गोळा केली. शेजारचे निवृत्त ड्रायव्हर, वरच्या मजल्यावरच्या काकू, इस्त्रीवाले, कार्यालयातले तिघे सोबती आणि माझी थोरली बहीण, आक्का. प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर एकेक प्रश्न, लेकीच्या पुस्तकांतून शोधून काढलेला. ‘ही गोळी जेवणाआधी की जेवणानंतर?’ ‘ही घेऊन झोप येते का?’ असे साधे प्रश्न आधीच्यांना. आक्कासाठी मात्र भारी प्रश्न राखून ठेवला, ‘या दोन गोळ्या एकत्र चालतात का?’ आक्का आमच्या घराण्यातली नटी. तिला दारात उभं करून मी आयुष्यात कितीतरी वसुलीवाले परत पाठवले आहेत.

“हातात काहीतरी औषध असू द्या,” मी सगळ्यांना बजावलं. “रिकाम्या हाताने प्रश्न विचारला तर संशय येतो. घरातलं कुठलंही जुनं पाकीट चालेल. आणि हे पोरीला कळता कामा नये.”

गुरुवारी सकाळी मी समोरच्या बसथांब्यावर पेपर उघडून बसलो. पहिले ड्रायव्हर गेले. त्यांनी एक मिनिटात बाहेर यायचं होतं. ते वीस मिनिटं आले नाहीत. दुकानात हातवारे चाललेले दिसत होते. मालकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणि नाकावरचा कपाळावर घेतला.

“काय झालं?” ते आल्यावर मी विचारलं.

“तुमचा प्रश्न झाला लगेच. मग म्हटलं, आलोच आहे तर विचारावं. ती रक्तदाबाची गोळी आहे ना, हळूहळू विरघळणारी, ती मी चार तुकडे करून चार दिवस खातो. चालतं का?”

“मग?”

“त्यांनाही माहीत नाही. पुतण्याला फोन लावतो म्हणाले.”

पुतण्याला फोन लागला, तेव्हा त्याच्या हातात एका गिऱ्हाइकाचं पाऊल होतं. तो म्हणाला, काका, मी सगळं विसरलो.

मग काकू गेल्या. त्या तर दुकानात खुर्ची मागवून बसल्याच. त्यांना साखरेचा त्रास, दोन डॉक्टर. एकाने दिलेल्या गोळीचं नाव वेगळं, दुसऱ्याने दिलेल्या गोळीचं वेगळं, पण दोन्ही पाकिटांवर खाली बारीक अक्षरात एकच औषध लिहिलेलं. दोन वर्षं काकू दोन्ही गोळ्या घेत होत्या आणि दोन वर्षं त्यांना चक्कर येत होती.

“अहो काकू, मी दिलेलं सोडून भलतंच काय विचारत बसलात?”

“तुमचं विचारलं हो,” काकू म्हणाल्या. “पण तोंड उघडलंच होतं, म्हणून माझंही विचारून घेतलं. इतके दिवस कुणाला विचारायचं, तेच कळत नव्हतं.”

काकूंच्या मागे उभ्या असलेल्या बाईंनी हे ऐकलं आणि पर्समधून आपलं पाकीट काढलं. त्यांच्या मागच्या माणसाने खिसे चाचपले. शुक्रवारी दुपारपर्यंत रांग दुकानाबाहेर आली, संध्याकाळी ती इस्त्रीवाल्याच्या टेबलाला टेकली, आणि त्यातली एकही व्यक्ती माझी नव्हती. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मालकांनी दारावर पाटी लावली, ‘प्रश्न फक्त तीन ते चार’. ती वाचून पाच जणांनी प्रश्न म्हणजे नक्की कशाबद्दल, हा प्रश्न विचारला.

इथवर सगळं ठीक होतं. पण रस्त्याने जाणाऱ्या कुणाला तरी दिसलं, की इतकी माणसं गोळ्या हातात धरून उभी आहेत. माणसं गोळ्या घ्यायला जातात, घेऊन कशाला जातील? त्याने आपल्या बुद्धीप्रमाणे अर्थ लावला आणि पुढे सांगितला. शनिवारी सकाळी सगळीकडे एकच बातमी होती, चौकातल्या दुकानातून खराब गोळ्या गेल्यात आणि मालक त्या परत घेतायत.

आणि काय लोटली माणसं! डबे, पिशव्या, उशीचा अभ्रा भरून औषधं. एक गृहस्थ बादली घेऊन आले होते. पाच-दहा वर्षांपूर्वीच्या बाटल्या, अर्धवट मलमं, कुणाकुणाच्या मागे राहून गेलेल्या गोळ्या. एक म्हातारे नुसतं एक पाकीट छातीशी धरून उभे होते आणि काही विचारत नव्हते.

साडेदहाला मालक माझ्या दारात. दोन्ही चष्मे कपाळावर.

“मुलीला पाठवा,” ते म्हणाले. “आत्ताच्या आत्ता.”

लेकीने माझ्याकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं, आणि कपाटातून कोट काढला. इस्त्री अजून मोडली नव्हती.

पुढचे दोन तास मी बसथांब्यावरून पाहिले ते आयुष्यात विसरणार नाही. ती स्टुलावर चढून मोठ्याने म्हणाली, “गोळ्या खराब नाहीत आणि इथे काही परत घेतलं जाणार नाही. ज्यांना काही विचारायचंय त्यांनी थांबा.” मला वाटलं, आता सगळे पांगणार. बादलीवाले तेवढे गेले. बाकीचे थांबले. मग तिने एकेकाला समोर घेतलं. प्रत्येकाला पहिला प्रश्न तीच विचारायची, “अजून काय काय घेता? सगळं दाखवा.” माणसं पिशव्या उलट्या करत. ड्रायव्हरांना तिने गोळी न तोडता गिळायला सांगितलं आणि तुकडे का करावे लागतात तेही विचारलं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, तिला सांगितलं. काकूंची एक गोळी तिने बाजूला काढली आणि हातात डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहून दिली. ते म्हातारे पुढे आले, तेव्हा तिने पाकिटाकडे पाहिलं, नुसतं ते त्यांच्या हातात परत ठेवलं आणि हसली. हसू उशिराच आलं, पण म्हातारे तोवर थांबले होते. मला तिच्या आईची फार आठवण आली.

आणि तेवढ्यात मला रांगेत आक्का दिसली. माझी सातवी तक्रार! या गडबडीत तिला थांबवायचं राहूनच गेलं होतं. ती ठरल्याप्रमाणे पदराने कपाळ टिपत पुढे सरकत होती, आणि तिच्या हातात एक डबा होता. बिस्किटांचा जुना निळा डबा, झाकणावर जहाजाचं चित्र असलेला. माझ्या कपाटातल्या सगळ्यात वरच्या फळीवरचा. ‘घरातलं कुठलंही जुनं पाकीट’ असं मीच म्हणालो होतो, आणि घराची किल्ली तिच्याकडे असते.

तो माझ्या बायकोच्या औषधांचा डबा होता. टाकवला नव्हता, म्हणून राहिला होता.

मी रस्ता कसा ओलांडला ते मला माहीत नाही. पोहोचलो, तेव्हा आक्काने डबा काउंटरवर ठेवून झाकण काढलं होतं, दोन पाकिटं उचलली होती, आणि चिठ्ठीत बघून वाचत होती, “या दोन गोळ्या एकत्र चालतात का?”

लेकीने पाकिटांकडे पाहिलं. मग आक्काच्या खांद्यावरून माझ्याकडे.

“नाही, आत्या,” ती म्हणाली. “एकत्र चालत नाहीत.”

“अगं बाई,” आक्का अजून नाटकातच होती. “घेतल्या तर काय होतं?”

“एक रक्त पातळ करते. दुसरी गुडघेदुखीची, ती पोटाला आतून जखम करते. मग पोटात रक्त वाहायला लागतं आणि ते थांबत नाही.”

आक्काने माझा चेहरा पाहिला आणि पदर खाली सोडला.

रक्त पातळ करणारी गोळी हृदयाच्या डॉक्टरांनी लिहून दिली होती. गुडघ्याची कुणी लिहून दिली नव्हती. बायकोचे गुडघे जिने चढताना दुखायचे. माझ्या एका सोबत्याला त्या गोळीने आराम पडला होता, त्याच्याकडून मी रिकामं पाकीट मागून आणलं होतं. ते घेऊन मी याच काउंटरवर आलो होतो. ‘हेच’ म्हणालो होतो. अर्ध्या मिनिटात घरी जाऊन तिला म्हणालो होतो, बघ, किती लवकर आलो. पुढे दर महिन्याला तसंच आणत गेलो.

“तुला कधीपासून माहीत आहे?” मी विचारलं.

“तिसऱ्या वर्षापासून. वर्गात हा धडा होता. घरी येऊन मी डबा काढून पाहिला.”

“मला सांगितलं नाहीस.”

तिने पाकिटं डब्यात ठेवली, झाकण लावलं, आणि हात झाकणावरच ठेवला.

“तुम्ही कधी विचारलं नाहीत, बाबा. आणि विचारू नये, असंच मला वाटत होतं.”

मालकांनी डब्याकडे पाहिलं आणि दोन्ही चष्मे काढून पुसत बसले. माझ्या मागचा माणूस खाकरला. “अहो काका, आटपा ना. बाकीच्यांनी किती वेळ उभं राहायचं?”

“थांबा जरा,” लेक त्याला म्हणाली. “यांचं अजून झालेलं नाही.” आणि मग इतरांना विचारत होती तसंच मलाही विचारलं, “तुम्ही काय काय घेता? सगळं दाखवा.”

मी खिशातून माझं पाकीट काढलं. पित्ताची गोळी. तिची आई गेल्यापासून घेतोय, रिकामं पाकीट दाखवून.

“कधी घेता?”

“जेवणानंतर.”

“जेवणाआधी घ्यायची असते, बाबा. सकाळी, उपाशीपोटी.”

पाच वर्षं मी ती जेवणानंतर घेत होतो. मी तिथेच काउंटरला धरून रडलो. रांगेतल्या लोकांना वाटलं, फारच मोठा आजार निघाला. त्यांनी मला बसायला जागा दिली.

संध्याकाळी पाचला रांग संपली. सहाला मालक आमच्याकडे आले. मी कोटासाठी खुंटी पुसून ठेवली होती.

“शब्द दिला होता, मान्य,” ते म्हणाले. “पण तुम्हीच बघा. काकू आता एकच गोळी घेणार. निम्म्या लोकांना तिने डॉक्टरकडे पाठवलं, उरलेल्यांना घरी. मी दिवसभरात एक खोकल्याची बाटली विकली. आणि पाचपासून कुणी काही विचारायला आलेलं नाही. सगळ्यांना सगळी उत्तरं मिळाली हो. आता ती उद्यापासून काय करणार?”

तक्रारी थांबल्या, की फिटरला परत बोलावतात, हा आमच्या कार्यालयाच्या नियमाचा दुसरा भाग होता. तो मी साफ विसरलो होतो.

लेकीने मोबाइलच्या दुकानात फोन करून येते म्हणून सांगितलं. मग कोटाच्या खिशातून एक चिठ्ठी काढून माझ्यासमोर ठेवली. आक्काची.

“सात जणांना दिल्यात ना?” ती म्हणाली. “सगळ्यांवर अक्षर तुमचंच आहे, बाबा. ड्रायव्हरकाकांच्या पिशवीतून पहिली पडली, तेव्हाच मला कळलं होतं.”

अठ्ठावीस वर्षांचा अनुभव, आणि अक्षर बदलायचं राहून गेलं!

सोमवारपासून ती मोबाइलच्या दुकानात उभी राहते. तिथे निळा टी-शर्ट देतात. कोट मीच रविवारी धुतो, इस्त्री मात्र मला तिच्यासारखी जमत नाही. तिला तिथे महिना झाला असेल, तेव्हा काकू पिशवी घेऊन गेल्या. मग ड्रायव्हर. आता संध्याकाळी चार्जर आणि हेडफोनांच्या मधे कुणी ना कुणी गोळ्या घेऊन उभं असतं आणि ती हळू आवाजात विचारते, अजून काय काय घेता. तिथल्या मालकांची हरकत नाही. त्यांचा नियम एवढाच, की आत येणाऱ्याने काहीतरी विकत घेतलं पाहिजे.

मीही दर शनिवारी जातो. रांगेत उभा राहतो, नंबर आला की खिशातलं पाकीट काढतो आणि विचारतो, “ही जेवणाआधी की जेवणानंतर?” ती म्हणते, “जेवणाआधी, बाबा.” उत्तर मला माहीत असतं. मागचा माणूस खाकरतो, तरी मी अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबतो. मग मालकांच्या नियमाप्रमाणे काहीतरी घ्यायला हवं, म्हणून सगळ्यात स्वस्त असतं ते मोबाइलचं कव्हर घेतो. घरात आता अकरा कव्हरं झाली आहेत. माझा फोन इतका जुना आहे, की त्यातलं एकही त्याला बसत नाही.